अमेरिकेत माजी सैनिकाचा क्लेम कोण लढतं? काऊंटीतल्या त्या अधिकाऱ्याची पात्रता आणि नेमणूक, सोप्या भाषेत

आपल्याकडे घरातलं कुणी फौजेतून रिटायर होऊन आलं की जिल्ह्याच्या गावी जाऊन सैनिक कल्याण ऑफिसात नाव नोंदवायचं, ओळखपत्र काढायचं, हे सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण भाचा किंवा पुतण्या अमेरिकन आर्मीत चार-सहा वर्षं काढून बाहेर पडला, गुडघा गेलाय, कान वाजतात, रात्री झोप नाही, तर त्याने कुठे जायचं हे त्यालाही धड माहीत नसतं आणि इथल्या मंडळींना तर नाहीच. आणि अशी मुलं आता अगदीच दुर्मिळ राहिलेली नाहीत, ग्रीन कार्डवाल्याला तिकडे सैन्यात भरती होता येतं, शिवाय २००८ साली मावनी नावाची एक स्कीम आली होती, तिच्यातून स्टुडंट किंवा वर्क व्हिसावरच्या लोकांनाही घेत होते, गरजेची भाषा येत असेल तर, आणि त्या भाषांच्या यादीत हिंदी होती. २०१६ नंतर ती भरती थांबली, पण तेव्हा गेलेले आता माजी सैनिक झालेत.

तर उत्तर असं की त्याने आपल्या काऊंटीच्या ऑफिसात जायचं. तिथे एक माणूस बसतो, काऊंटी वेटरन्स सर्व्हिस ऑफिसर, बोलताना सगळे सीव्हीएसओ म्हणतात. काऊंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा, फक्त आकाराने बहुतेकदा लहान, देशभरात तीन हजारांच्या वर आहेत. या माणसाची गंमत अशी की त्याचा पगार काऊंटी देते, त्याच्या पदाचा कायदा राज्याचा असतो, आणि तो ज्या खात्याशी रोज कागदोपत्री भांडतो ते खातं केंद्राचं असतं. ही तीन टोकं डोक्यात ठेवा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल, कारण लोकांचा घोळ इथेच होतो, त्यांना वाटतं हा माणूस सरकारी म्हणजे केंद्राचाच माणूस. नाही. तो त्या खात्याचा नोकर नाहीच, आणि म्हणूनच तो कामाचा आहे.

केंद्राचं खातं म्हणजे वेटरन्स अफेअर्स, ज्याला सगळे व्हीए म्हणतात. दवाखाने, अपंगत्वाचा महिन्याचा भत्ता, विधवांचा भत्ता, घराच्या कर्जाची हमी, शिक्षणाचे पैसे, सगळं तिथून. पण व्हीए आपणहून दार वाजवत नाही. अर्ज करावा लागतो, पुरावा जोडावा लागतो, नाकारलं तर मुदतीत पुन्हा मागावं लागतं. आणि या कामात मदतीला वकील घ्यावा म्हटलं तर जुन्या काळात तीही सोय नव्हती, कारण यादवी युद्धाच्या वेळी सैनिकांना दलालांनी लुटू नये म्हणून १८६४ मध्ये वकिलाच्या फीवर १० डॉलरची कमाल मर्यादा घातली होती आणि ती, विश्वास ठेवा, १९८८ पर्यंत तशीच होती! १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती मर्यादा उचलून धरली. १० डॉलरात कोण वकील उभा राहणार? मग ही पोकळी भरून काढली ती अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू, डीएव्ही अशा माजी सैनिकांच्या संघटनांनी आणि राज्यांनी-काऊंट्यांनी नेमलेल्या या फुकट मदत करणाऱ्या अधिकाऱ्यांनी. म्हणजे हे पद कुणाच्या समाजसेवेच्या लहरीतून नाही आलं, वकील परवडेनासा करून ठेवला होता त्यातून त्याला बळ मिळालं असं माझं मत.

आता नेमणूक. इथे एकच उत्तर नाही, दर राज्याची तऱ्हा वेगळी, आणि काही राज्यांत तर काऊंटी पातळीवर असा माणूसच नसतो, राज्य सरकारचे लोक फिरून काम करतात. मी तीन-चार राज्यांचं सांगतो, त्यावरून अंदाज येईल.

सगळ्यात मजेशीर ओहायो. तिथे ८८ काऊंट्या आणि प्रत्येकीत एक वेटरन्स सर्व्हिस कमिशन, पाच जणांचं. या पाच जणांना कोण नेमतं? काऊंटीचे निवडून आलेले पुढारी नाहीत, तर तिथल्या कोर्टाचा न्यायाधीश. आणि न्यायाधीशाने तरी मनाला येईल त्याला नाही नेमायचं, अमेरिकन लीजनने सुचवलेला एक, व्हीएफडब्ल्यूने सुचवलेला एक, डीएव्हीचा एक, ॲमव्हेट्सचा एक, आणि पाचवा पर्पल हार्टवाल्यांच्या (हे लढाईत जखमी झालेल्यांना मिळणारं पदक) किंवा व्हिएतनाम युद्धातल्या माजी सैनिकांच्या वगैरे संघटनांकडून. पाचही जण स्वतः सन्मानाने सेवामुक्त झालेले माजी सैनिक आणि त्याच काऊंटीचे रहिवासी पाहिजेत, मुदत पाच वर्षं, दरवर्षी एकाची संपते, म्हणजे एका झटक्यात सगळं कमिशन बदलत नाही. मग हे कमिशन प्रत्यक्ष काम करणारे सर्व्हिस ऑफिसर नेमतं. ही पद्धत १८८६ च्या कायद्यापासून चालत आलीय, तेव्हा नाव सैनिक मदत कमिशन असं होतं.

आणि पैसा? तिथे तर अजून भारी. काऊंटीतल्या मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरमागे अर्धा डॉलर, इथपर्यंत रक्कम या कमिशनसाठी काढता येते, आणि काऊंटीच्या बजेटमध्ये पैसे शिल्लक राहिले तर देऊ असला प्रकार कायद्याने ठेवलेला नाही. त्यामुळे ओहायोत हे ऑफिस क्लेम तर भरून देतंच, शिवाय घरभाडं थकलं, हिवाळ्यात गॅसचं बिल भरायला पैसे नाहीत, किराणा नाही, अशा वेळी रोख मदतही करतं. मला विचाराल तर ओहायोची रचना सगळ्यात शहाणपणाची आहे, कारण नेमणारा वेगळा, सुचवणारा वेगळा, पैसे देणारा वेगळा, त्यामुळे कुणा एकाच्या मर्जीवर माणूस टिकत किंवा जात नाही. याची दुसरी बाजूही आहे हं, संघटनांची मेंबरशिप म्हाताऱ्यांची असते, इराक-अफगाणिस्तानातून आलेली तरुण पोरं संघटनेच्या हॉलमध्ये फारशी जात नाहीत, मग सुचवली जाणारी नावं पण त्याच त्याच वर्तुळातली.

विस्कॉन्सिनमध्ये साधं आहे, काऊंटी बोर्डाचे सदस्य मत देऊन हा अधिकारी निवडतात, म्हणजे जनतेची निवडणूक नाही, बोर्डातली. जिथे काऊंटीला निवडून आलेला एक्झिक्युटिव्ह किंवा नेमलेला ॲडमिनिस्ट्रेटर आहे तिथे तो नाव ठरवतो आणि बोर्ड शिक्कामोर्तब करतं. मिनेसोटात काऊंटी बोर्डाने नेमायचाच असा कायदा आहे, आणि नुसतं नेमून हात झटकायचे नाहीत, ऑफिसची जागा, क्लार्क, सामान, प्रवासाचा खर्च हेही बोर्डाने द्यायचं असं तिथे लिहूनच ठेवलंय, छोट्या काऊंट्यांना परवडत नसेल तर दोघी-तिघींनी मिळून एक नेमायचा. टेक्सास तर अवाढव्य, २५४ काऊंट्या, त्यातल्या काहींत गुरं जास्त आणि माणसं कमी, म्हणून तिथे दोन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या काऊंटीला फुल-टाइम ऑफिस बंधनकारक आणि बाकीच्यांनी गरजेप्रमाणे ठरवायचं.

मॅसॅच्युसेट्समध्ये काऊंटीला विचारतंच कोण, तिथे सगळं गावावर. प्रत्येक शहराला आणि टाऊनला स्वतःचा वेटरन्स सर्व्हिसचा माणूस ठेवावा लागतो, लहान गावं एकत्र येऊन जिल्हा करून एक ठेवू शकतात. गरजू माजी सैनिकाला महिन्याची मदत आधी गावाच्या तिजोरीतून द्यायची आणि मग राज्य त्यातले ७५ टक्के गावाला परत करतं.

पात्रतेचं बघू. जवळजवळ सगळीकडे पहिली अट एकच, तो स्वतः माजी सैनिक पाहिजे आणि सन्मानाने बाहेर पडलेला पाहिजे. यात एक बारकावा आहे तो बघा. व्हीएचे फायदे मिळायला साधारणपणे सेवामुक्तीचा शेरा 'डिसऑनरेबल' सोडून दुसरा असला तरी वाट निघू शकते, म्हणजे मधल्या दर्जाचा शेरा असलेल्यांचाही विचार होतो. पण त्या लोकांना मदत करणाऱ्या खुर्चीत बसायचं तर बहुतेक राज्यं सन्मानाचाच शेरा मागतात.

रँकची अट नाही. हे आपल्याकडच्या वाचकाला जरा विचित्र वाटेल. कर्नल म्हणून निवृत्त झालेला असो की तीन वर्षं करून कॉर्पोरल म्हणून घरी आलेला, खुर्चीसाठी दोघं सारखेच. टेक्ससमध्ये सक्रिय सेवा सलग चार महिन्यांची असली तरी चालते, पण त्याचबरोबर व्हीएचे नियम, कायदे, निकाल यांचा अनुभव आणि त्या कामाचं शिक्षण-प्रशिक्षण पाहिजे असं म्हटलंय. फ्लोरिडात युद्धकाळातली सेवा लागते आणि शिक्षणाचंही स्पष्ट लिहिलंय, दोन वर्षांची कॉलेजची पदवी, किंवा मग बारावी आणि चार वर्षांचा ऑफिसकामाचा अनुभव. मिनेसोटात राज्याचा रहिवासी पाहिजे आणि अमेरिकेचा नागरिक पाहिजे, म्हणजे ग्रीन कार्डवर सैन्यात गेलेला आणि अजून सिटिझनशिप न घेतलेला पोरगा तिथे या पदाला चालणार नाही, मदत मात्र त्याला पूर्ण मिळेल.

आणि माजी सैनिक मिळालाच नाही तर? ओहायोच्या कायद्यात ऑफिसातल्या क्लार्क वगैरे बाकीच्या माणसांसाठी याची सोय आहे, योग्य माजी सैनिक उपलब्ध नसेल तर माजी सैनिकाची बायको किंवा नवरा, विधवा किंवा विधुर, मुलगा-मुलगी, आई-वडील यांच्यापैकी कुणाला घेता येतं. टेक्ससमध्ये तर विधवा असलेली वीरमाता किंवा सेवेमुळे गेलेल्या सैनिकाची पुन्हा लग्न न केलेली पत्नी यांना सुरुवातीपासूनच पात्र धरलंय, स्वतः वर्दी घातली नसली तरी. मला हे फार पटतं. कारण व्हीएचं पत्र आलं की ते उघडून वाचतं कोण, औषधांचा हिशोब ठेवतं कोण, नवरा रात्री दचकून उठतो हे डॉक्टरला सांगतं कोण? घरातली बाईच ना. तिला हे काम येत नसेल असं का धरायचं.

इथपर्यंतचं बहुतेकांना कळतं. आता येतो तो भाग कुणी नीट सांगत नाही, आणि माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा.

काऊंटीने नेमलं म्हणून तो माणूस दुसऱ्या दिवसापासून व्हीएपुढे तुमच्या वतीने उभा राहू शकत नाही. खुर्ची काऊंटी देते, अधिकार व्हीए देतं. या अधिकाराला अ‍ॅक्रेडिटेशन म्हणतात, म्हणजे मान्यता, आणि ती व्हीएचं कायदा ऑफिस देतं. केंद्राचा नियम काय म्हणतो, तर काऊंटीचा माणूस पगारी पाहिजे, वर्षाला किमान १,००० तास तेच काम करणारा पाहिजे, चारित्र्य चांगलं पाहिजे, व्हीएने मान्य केलेलं प्रशिक्षण आणि परीक्षा पास झालेला पाहिजे, आणि नंतरही त्याच्यावर नियमित देखरेख तरी हवी किंवा दरवर्षी ट्रेनिंग तरी. १,००० तास म्हणजे आठवड्याला साधारण २० तास, म्हणजे शनिवारी सकाळी दोन तास सेवा म्हणून बसणारा आजोबा, कितीही प्रेमळ असला तरी, या कलमाखाली बसत नाही. शिवाय व्हीएच्या कॉम्प्युटरमध्ये तुमची फाईल बघायला मिळावी म्हणून वेगळं ट्रेनिंग, पार्श्वभूमीची तपासणी आणि ओळखकार्ड. हे सगळं होईपर्यंत महिनोन्महिने जाऊ शकतात, आणि तोपर्यंत नवीन नेमलेला अधिकारी माहिती देऊ शकतो, समजावू शकतो, पण तुमच्या वतीने क्लेम तयार करू शकत नाही की फाईल उघडून बघू शकत नाही. त्यामुळे जुना अनुभवी माणूस अचानक रिटायर झाला आणि काऊंटीने नवा माणूस उशिरा भरला की त्या ऑफिसाची कामं कशी लटकत असतील याचा अंदाज करा.

त्यातही अजून एक गाठ. मान्यता त्या माणसाला एकट्याला सुटी मिळत नाही, ती एखाद्या मान्य संघटनेच्या नावाखाली मिळते, म्हणजे राज्याचं वेटरन्स खातं, किंवा अमेरिकन लीजन, किंवा काऊंटी अधिकाऱ्यांची जी राष्ट्रीय संघटना आहे ती. संघटनेने दर पाच वर्षांनी व्हीएला लिहून द्यायचं की हा माणूस अजून पात्र आहे. आणि तुम्ही जेव्हा त्या टेबलावर बसून वकीलपत्रासारखा फॉर्म सही करता, ज्याचा नंबर २१-२२, तेव्हा वर नाव त्या संघटनेचं असतं, समोर बसलेल्या माणसाचं नाही. वाचून न बघता सही करणाऱ्यांना नंतर धक्का बसतो, की मी तर अमुक साहेबांना नेमलं होतं आणि पत्रावर भलतंच नाव कसं? पण याचा फायदाच आहे, तो साहेब नोकरी सोडून गेला तरी तुमचा क्लेम वाऱ्यावर पडत नाही, त्याच संघटनेचा दुसरा मान्य माणूस तो पुढे नेतो. एका वेळी एकच प्रतिनिधी चालतो मात्र, आधी एकीकडे सही केली आणि मग दुसरीकडे केली तर पहिली आपोआप रद्द.

एवढी परीक्षा-मान्यतेची भानगड कशाला, फॉर्म तर ऑनलाइन कुणीही भरतो, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून कामाचं एक उदाहरण घेऊ.

अपंगत्वाच्या क्लेममध्ये तीन गोष्टी जुळाव्या लागतात. आज काहीतरी आजार किंवा इजा आहे, सेवेत असताना काहीतरी घडलं होतं, आणि या दोन्हींचा संबंध आहे असं डॉक्टरी मत. पहिली दोन बहुतेकांकडे असतात, तिसऱ्यावर फाईल नापास होते. अनुभवी अधिकारी पहिल्याच भेटीत विचारतो की सेवेतल्या दवाखान्याच्या नोंदी कुठे आहेत, सोबतच्या कुणी लिहून देईल का, आणि मुख्य म्हणजे त्याच दिवशी 'क्लेम करायचा इरादा आहे' एवढंच कळवणारा एक छोटा फॉर्म पाठवून टाकतो. त्याने काय होतं, तर पुढे एक वर्षाच्या आत खरा अर्ज पूर्ण केला आणि तो मंजूर झाला तर पैसे त्या छोट्या फॉर्मच्या तारखेपासून धरले जाऊ शकतात. ज्याला हे माहीत नाही तो कागद गोळा करत आठ महिने घालवतो आणि आठ महिन्यांचे पैसे सोडून देतो.

मग टक्केवारी. एकाला पाठीसाठी ५० टक्के आणि गुडघ्यासाठी ३० टक्के मिळाले तर तो म्हणतो ८०. नाही. व्हीएचं गणित असं की अख्खी भाकरी १०० धरा, पाठीने अर्धी खाल्ली, उरली ५०, आता गुडघ्याचे ३० टक्के त्या उरलेल्या ५० चे, म्हणजे १५, एकूण ६५, आणि मग जवळच्या दहावर नेऊन ७०. दर महिन्याचे पैसे या आकड्यावर ठरतात, त्यामुळे पुढचा अर्ज कुठल्या आजारासाठी करण्यात अर्थ आहे हे सांगायला गणित समजणारा माणूस लागतो.

आणि नोंदीच नसतील तर? १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या सरकारी रेकॉर्ड केंद्राला आग लागली आणि अंदाजे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली गेल्या, त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, मायक्रोफिल्मही नव्हती. १९१२ ते १९६० दरम्यान आर्मीतून बाहेर पडलेल्यांच्या साधारण ८० टक्के फायली त्यात होत्या. कोरियात लढलेला ९० वर्षांचा आजोबा समोर येतो, त्याची फाईलच जळालेली, मग पगाराच्या जुन्या नोंदी, युनिटचे सकाळचे रिपोर्ट, घरी लिहिलेली पत्रं, गावच्या पेपरातलं कात्रण असल्या कशाकशातून सेवा सिद्ध करायची. हे काम एखाद्या वेबसाइटच्या फॉर्ममध्ये मावत नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये पॅक्ट कायदा आला तेव्हा तर या ऑफिसांवर गर्दीच लोटली. इराक-अफगाणिस्तानात तळांवरचा कचरा, प्लॅस्टिक, केमिकल सगळं उघड्या खड्ड्यात जाळायचे, त्या धुराने झालेले कितीतरी आजार आता सेवेशी जोडलेलेच आहेत असं धरलं जातं, म्हणजे ती मघाची तिसरी कडी आपोआप मान्य. आधी नाकारलेले हजारो क्लेम पुन्हा उघडण्यासारखे झाले, पण तुमचं नाकारलेलं प्रकरण त्यात येतं का हे बघायला परत तोच माणूस.

हे सगळं फुकट. सीव्हीएसओने तुमच्याकडून एक पैसाही घ्यायचा नाही. वकील किंवा मान्यताप्राप्त एजंट फी घेऊ शकतो, पण पहिला अर्ज भरण्यासाठी नाही, व्हीएचा पहिला निर्णय आल्यानंतरच्या कामासाठी, आणि थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंत फी वाजवी धरतात. आता मधल्या मधे एक जमात निघालीय, 'कन्सल्टंट' म्हणून जाहिरात करायची, मान्यता काहीच नाही, आणि पहिल्याच अर्जासाठी वाढलेल्या भत्त्याच्या पाच-सहा पट रक्कम मागायची. तिकडे त्यांना क्लेम शार्क म्हणतात. हे बेकायदा आहे, पण अशा विनामान्यता फी घेणाऱ्यांना शिक्षा करायची जी तरतूद होती तीच २००६ मध्ये कायद्यातून निघाली, म्हणजे नियम आहे आणि दंड नाही! न्यू जर्सीसारख्या काही राज्यांनी आपापले कायदे करून बघितले, त्यावरही कोर्टबाजी चालू. आपल्या मुलांना तर हे लोक हमखास गाठतात कारण सगळं फोनवर, चकाचक वेबसाइट, आणि काऊंटीचं ऑफिस म्हणजे तळघरातली एक खोली, बाहेर झेंडा.

आता आपल्याकडचं थोडं, कारण तुलना मनात येणारच. आपला जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी हा राज्य सरकारचा माणूस, महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाचं मुख्य ऑफिस पुण्यात, आणि जिल्ह्यात जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष कलेक्टर, सचिव हा अधिकारी. ही मंडळं पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या सुमारास इंग्रजांनी उभ्या केलेल्या सोल्जर्स बोर्डाच्या वळणावर आलीत, दिल्लीच्या मुख्य बोर्डाला केंद्रीय सैनिक बोर्ड हे नाव १९७५ मध्ये मिळालं आणि त्याचे अध्यक्ष संरक्षणमंत्री. खर्च वाटून, आपल्यासारख्या राज्यांत केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४०. अधिकारी साधारणपणे फौजेतून निवृत्त झालेला कमिशन्ड ऑफिसर असतो, आणि गावोगाव फिरून काम करणारे कल्याण संघटक हे जेसीओ-हवालदार दर्जातून आलेले. म्हणजे खुर्च्या रँकच्या क्रमाने लागल्यात, अमेरिकेत तसं नाही.

पण खरा फरक कामात आहे. आपला अधिकारी मुख्यतः पडताळणी करतो आणि शिफारस करतो, पंतप्रधान शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज असो की रक्षामंत्र्यांच्या निधीतून ६५ वर्षांवरच्या पेन्शन नसलेल्या गरीब माजी सैनिकाला मिळणारी मदत, जी नोव्हेंबर २०२५ पासून महिन्याला ४,००० वरून ८,००० रुपये झाली, कागद त्याच्या टेबलावरून पुढे जातात. पेन्शन चुकली, अपंगत्वाचा दावा नाकारला, तर तो पत्र लिहील, मार्ग सांगेल, पण तुमचा प्रतिनिधी म्हणून प्रयागराजच्या पेन्शन ऑफिसपुढे तुमची केस लढवणं हे त्याचं काम नाही, त्यासाठी सैन्य दल न्यायाधिकरणात वकील लावायचा. अमेरिकेतला सीव्हीएसओ ध्वजदिन निधी गोळा करत नाही, सैनिकी मुलांची वसतिगृहं चालवत नाही, जे आपल्याकडे या खात्याचं मोठं आणि चांगलं काम आहे, पण सही केलेल्या फॉर्मच्या जोरावर तो तुमच्या बाजूचा माणूस असतो, निर्णय देणाऱ्याच्या बाजूचा नाही. दोन्ही मिळून एक केलं तर बरं होईल असं मला वाटतं, निदान एका ट्रेनिंग झालेल्या, परीक्षा दिलेल्या माणसाला पेन्शनच्या प्रकरणात बाजू मांडायचा अधिकार द्यायला काय हरकत आहे.

तिकडे असलेल्या कुणाला हे पाठवणार असाल तर एवढं सांगा. पहिल्या भेटीला डीडी-२१४ हा सेवामुक्तीचा कागद न्यायचा, मूळ घरी ठेवून कॉपी द्यायची. लग्न झालेलं असेल आणि ते इथे भारतात झालं असेल तर रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट आणि त्याचं इंग्रजी भाषांतर न्यायचं, कारण ३० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व ठरलं तर बायको-मुलांसाठी जास्तीचे पैसे मिळतात आणि नुसत्या लग्नाच्या फोटोवर ते काम होत नाही. समोरच्या माणसाचं नाव व्हीएच्या कायदा ऑफिसच्या यादीत ऑनलाइन शोधून बघायचं, त्यात नसेल तर विचारायचं, त्यात अपमान वगैरे काही नसतो. नुकताच नेमलेला असेल तर तो स्वतःच सांगेल की मान्यता यायची आहे, मग इरादा कळवायचा तो छोटा फॉर्म स्वतःच भरून पाठवायचा आणि शेजारच्या काऊंटीत मान्यतावाला कोण आहे ते विचारून घ्यायचं, कारण तुमच्या काऊंटीतच गेलं पाहिजे असं व्हीएचं काही बंधन नाही.